सेटर असताना कन्स्ट्रक्टर कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा जावामधला मिनी प्रोजेक्ट आहे: कांदा मार्केटची हिशोबपट्टी. तिने हिशोबपट्टी नावाचा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, केला. त्यात शेतकऱ्याचं नाव, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन आणि भाव अशी चार फील्ड ठेवली आणि प्रत्येकाला गेटर-सेटर (किंमत वाचणारी आणि भरणारी फंक्शन) दिले. सगळं चालत होतं. मग मॅडम म्हणाल्या, पॅरामीटर घेणारा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा कोड) लिही. तो लिहिल्याबरोबर जिथे जिथे रिकाम्या कंसाने ऑब्जेक्ट बनवला होता तिथे लाल रेघा आल्या. तिचं म्हणणं: "ताई, सेटरने भरून होतंच आहे, मग कन्स्ट्रक्टर फक्त चार ओळी वाचवायला का? चालणारा कोड त्याने का मोडला? आणि पायथॉनमधला इनिट म्हणजे हेच का?"

आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देते, ते सोपं आहे. तू एकही कन्स्ट्रक्टर लिहिला नसशील तर जावाचा कंपायलर स्वतःहून एक बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर घालतो. त्यालाच डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर म्हणतात. तू स्वतः एक जरी लिहिलास तरी कंपायलर आपला मागे घेतो. कारण तू आता सांगितलंस की हा ऑब्जेक्ट बनवायला चार गोष्टी लागतात. त्यानंतरही त्याने मागच्या दाराने रिकामा ऑब्जेक्ट बनवू दिला असता, तर तुझ्या सांगण्याला अर्थच उरला नसता. तेव्हा त्या लाल रेघा म्हणजे कोड मोडला असं समजू नकोस. अर्धवट पट्टी कुठे कुठे बनत होती त्याची यादी कंपायलरने तुला फुकट काढून दिली आहे. बरेच जण इथे घाईघाईने एक रिकामा कन्स्ट्रक्टर परत लिहून रेघा घालवतात. तसं करू नकोस. एक-एक जागा उघड आणि तिथे चारही गोष्टी खरंच हातात आहेत का ते बघ.

आता मूळ मुद्दा. न्यू म्हटल्यावर जावा मेमरी घेतो आणि ती जागा पुसून ठेवतो: आकड्यांच्या फील्डमध्ये 0, बुलियनमध्ये फॉल्स, ऑब्जेक्टच्या फील्डमध्ये नल, म्हणजे काहीच नाही. त्यानंतर कन्स्ट्रक्टर चालतो. तुझ्या सेटरवाल्या पद्धतीत कन्स्ट्रक्टर काहीच करत नाही, त्यामुळे न्यूची ओळ आणि शेवटच्या सेटरची ओळ यांच्यामध्ये एक अशी पट्टी जिवंत असते जिचं वजन 0, भाव 0 आणि शेतकऱ्याचं नाव नल. त्या ओळी एकाखाली एक आहेत तोवर काही बिघडत नाही. पण उद्या तुझा पार्टनर मधे एक इफ घालतो, एका फांदीत भावाचा सेटर राहून जातो. प्रोग्राम अडत नाही, कुरकुर करत नाही. छापील पट्टीवर 'श्री.' असतं, गाडीचं वजन असतं आणि खाली देय रक्कम 0 रुपये. नाव राहिलं तर 'श्री.' पुढे नल छापलं जातं, कारण स्ट्रिंगला नल जोडला तर जावा निमूटपणे तो शब्दच लिहून मोकळा होतो. चूक झाली एका फाइलमध्ये, दिसली प्रिंटरवर, आणि मधल्या प्रवासाचा पत्ता नाही.

कन्स्ट्रक्टरचं खरं काम इथे आहे: ऑब्जेक्ट बाकीच्या प्रोग्रामच्या हाती पडण्याआधी तो पुरा आणि खरा असल्याची हमी देणं. पुरा म्हणजे सगळं आलेलं. खरा म्हणजे आलेलं एकमेकांशी जुळणारं. तुझ्या पट्टीत असा जुळणीचा नियम अगदी उघड आहे. भरलेली गाडी रिकाम्या गाडीपेक्षा जड असलीच पाहिजे. हा नियम सेटरमध्ये नीट बसत नाही, करून बघ. भरलेल्या वजनाच्या सेटरमध्ये तपासायला गेलीस तर रिकामं अजून आलेलं नाही. रिकाम्याच्या सेटरमध्ये तपासलंस तर तो सेटर आधी बोलावला तर काय? दोन फील्डमधलं नातं तपासायचं तर दोन्ही एका वेळी हातात हवीत, आणि तशी जागा कन्स्ट्रक्टर.

कोड साधारण असा होईल. कीवर्ड इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना ते नेहमीसारखे इंग्रजीत. (फील्डची नावं देवनागरीत ठेवलीस तर जावाला चालतात. प्रोजेक्ट पार्टनरला चालतील का ते विचार.)

क्लास हिशोबपट्टी {
  प्रायव्हेट फायनल स्ट्रिंग शेतकरी;
  प्रायव्हेट फायनल इंट भरलेलं, रिकामं, भाव;

  हिशोबपट्टी(स्ट्रिंग शेतकरी, इंट भरलेलं, इंट रिकामं, इंट भाव) {
    इफ (शेतकरी == नल || शेतकरी.इजब्लँक())
      थ्रो न्यू इल्लीगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन("शेतकऱ्याचं नाव नाही");
    इफ (रिकामं <= 0 || भरलेलं <= रिकामं)
      थ्रो न्यू इल्लीगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन("वजन जुळत नाही: " + भरलेलं + ", " + रिकामं);
    इफ (भाव <= 0)
      थ्रो न्यू इल्लीगल-आर्ग्युमेंट-एक्सेप्शन("भाव चुकीचा: " + भाव);
    धिस.शेतकरी = शेतकरी;
    धिस.भरलेलं = भरलेलं;
    धिस.रिकामं = रिकामं;
    धिस.भाव = भाव;
  }
}

यात तीन गोष्टी बघ. पहिली, धिस, म्हणजे 'हाच ऑब्जेक्ट'. तो गाळलास आणि नुसतं 'भाव = भाव' लिहिलंस तर पॅरामीटर स्वतःलाच स्वतःची किंमत देतो आणि फील्ड 0 राहतं. पण फील्ड फायनल असेल तर कंपायलर तिथेच अडवतो, आणि ही दुसरी गोष्ट. फायनल फील्डला कन्स्ट्रक्टर संपेपर्यंत किंमत मिळालीच पाहिजे, आणि नंतर ती बदलता येत नाही. म्हणजे सेटर आपोआप गेले. पट्टी एकदा फाडली की त्यावरचा भाव कोणी खोडत नाही, नवीन पट्टी करतात. तुझा क्लासही तसाच वागेल. तिसरी, एक्सेप्शनच्या (चूक दिसताच काम थांबवणाऱ्या एररच्या) मजकुरात ते आकडे घातले आहेत. 'अवैध इनपुट' एवढंच लिहिणाऱ्यांचा कोड रात्री दुरुस्त करायला बसलीस की यामागचं कारण कळेल.

आता तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या प्रोजेक्टमध्ये नक्की येणार अशी अडचण. लासलगावला किंवा पिंपळगावला सकाळी उभं राहून बघ. गाडी रांगेत लागते, लिलावात भाव ठरतो, मग भरलेल्या गाडीचा काटा होतो, गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन खाली होते आणि त्यानंतर रिकाम्या गाडीचं वजन. म्हणजे भाव ठरतो तेव्हा रिकामं वजन कोणालाच माहीत नसतं. तू म्हणशील, म्हणूनच सेटर हवा होता! लिलावाच्या वेळी पट्टी बनवायची, रिकामं वजन नंतर भरायचं.

पण विचार कर, लिलाव झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात काय असतं? हिशोबपट्टी नसते, लिलावाची चिठ्ठी असते. त्यावर व्यापारी आणि भाव असतो, रक्कम नसते. मग कोडमध्येही तेच कर. आवक-नोंद हा एक क्लास, त्याला शेतकरी आणि गाडी नंबर लागतो. लिलाव-चिठ्ठी हा दुसरा, त्याला आवक-नोंद, व्यापारी आणि भाव लागतो. हिशोबपट्टी तिसरा, त्याला लिलाव-चिठ्ठी आणि दोन वजनं. प्रत्येकाच्या कन्स्ट्रक्टरला जे लागतं ते त्या क्षणी हजर असतं. आणि लिलाव न झालेल्या गाडीची हिशोबपट्टी काढणं हा प्रकार शक्यच राहत नाही, कारण कन्स्ट्रक्टरला द्यायला चिठ्ठीच नाही. त्यासाठी वेगळा इफ लिहावा लागत नाही, कोणाला लक्षात ठेवावं लागत नाही.

मी स्वतः कोड तपासताना हीच खूण शोधते. कन्स्ट्रक्टरला द्यायला काही फील्ड हातात नाहीत म्हणून कोणी नल पास करतोय किंवा 'नंतर सेट करू' म्हणतोय, तर नव्वद टक्के वेळा तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच क्लासात कोंबलेल्या असतात. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी जे सॉफ्टवेअर लिहिलं जातं त्यातही तेच: गेटवरची मालाची नोंद आणि तपासणी होऊन स्टॉकला घेतलेला माल एकाच ऑब्जेक्टमध्ये, आणि मग प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी 'तपासणी झाली आहे का' असा इफ.

वरच्या कोडमध्ये मी मुद्दाम एक खड्डा ठेवला आहे, तो दिसला का? शेवटची तीन पॅरामीटर तिन्ही इंट आहेत. समज पिकअप भरलेली 3,300 किलो, रिकामी 1,800 किलो, भाव 1,450 रुपये क्विंटल. निव्वळ 15 क्विंटल, रक्कम 21,750 रुपये. बोलावणाऱ्याने शेवटचे दोन आकडे उलटे दिले: 3300, 1450, 1800. कंपायलरला तिन्ही इंट सारखेच. आपला वजनाचा नियमही पास, 1,450 हे 3,300 पेक्षा कमीच आहे. निव्वळ झालं 18.5 क्विंटल, भाव 1,800, रक्कम 33,300. साडेअकरा हजारांचा फरक आणि कुठेही एरर नाही.

उपाय असा की वजन आणि भाव यांना स्वतःचे छोटे क्लास दे. वजन नावाच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर किलो घेतो आणि शून्य किंवा ऋण आकडा आला तर नाकारतो, भावाचा क्लास रुपये प्रति क्विंटल घेतो. मग वजनाच्या जागी भाव दिला तर कोड कंपाइलच होत नाही. जावा 16 पासून, म्हणजे 2021 पासून, यासाठी रेकॉर्ड आहे. एका ओळीत फील्ड, कन्स्ट्रक्टर, इक्वल्स सगळं मिळतं आणि तपासणी तेवढी आत लिहायची. कॉलेजच्या लॅबमध्ये जावा 8 असेल तर साधा क्लास लिही, पाच ओळी जास्त. (आणि वरचं इजब्लँकही जावा 11 पासूनचं आहे, 8 मध्ये ट्रिम करून इजएम्टी.) भरलेलं आणि रिकामं दोन्ही वजनंच आहेत, ती उलटी झाली तर टाइप वाचवणार नाही, पण तिथे आपला नियम पकडतो. जाता जाता: निव्वळ किलोला 100 ने भागून मग भावाने गुणू नकोस. इंटमध्ये 1,550 भागिले 100 म्हणजे 15, वरचे 50 किलो गायब. आधी गुण, मग भाग.

ही कल्पना जुनी आहे. ओस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये डाल आणि न्यूगार्ड यांनी केलेल्या सिम्युला 67 मध्ये क्लासलाच पॅरामीटर असायचे, आणि ऑब्जेक्ट बनताना क्लासच्या अंगातल्या ओळी चालायच्या. वेगळा कन्स्ट्रक्टर नव्हता. बियार्न स्ट्रॉस्ट्रप यांनी बेल लॅब्जमध्ये 1979 ला 'सी विथ क्लासेस' सुरू केली, तिथे या फंक्शनचं नावच न्यू होतं; क्लासच्या नावाचाच कन्स्ट्रक्टर ही रीत सी प्लस प्लस होताना आली आणि जावाने ती उचलली. सीमध्ये स्ट्रक्चर बनवायचं आणि मग इनिट फंक्शन आठवणीने बोलवायचं, ही आठवण भाषेनेच ठेवावी, हा त्यामागचा हेतू.

सी प्लस प्लसमध्ये हे जास्त चटके देतं. इंटसारखं फील्ड भरलं नाहीस तर तिथे 0 असेल याची खात्री नाही, मेमरीत आधीचं जे पडलं असेल ते. शिवाय फील्ड कोणत्या क्रमाने भरली जातात ते क्लासमध्ये जाहीर केल्याच्या क्रमावर ठरतं, इनिशियलायझर लिस्टमध्ये (कन्स्ट्रक्टरच्या अंगाआधी फील्ड भरायची यादी) तू कोणत्या क्रमाने लिहिलंस त्यावर नाही. निव्वळ वजन वर जाहीर केलं आणि ते खाली जाहीर केलेल्या दोन वजनांवरून काढलं तर कचरा येतो. कंपायलरच्या वॉर्निंग चालू ठेव, तो सांगतो.

इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा बनवणं) आला की एक सापळा आहे, त्यावर जरा थांबते. पावती हा बेस क्लास, हिशोबपट्टी त्याचा चाइल्ड. जावामध्ये आधी बेसचा कन्स्ट्रक्टर पूर्ण होतो, मग चाइल्डच्या फील्डला जाहीर करताना दिलेल्या किमती बसतात, मग चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरचं उरलेलं अंग. आता पावतीच्या कन्स्ट्रक्टरने मजकूर-तयार-कर ही मेथड बोलावली आणि हिशोबपट्टीने ती ओव्हरराइड केली, म्हणजे त्याच नावाने स्वतःची लिहिली असेल, तर जावा चाइल्डची मेथड चालवतो. पण चाइल्डची फील्ड अजून बसायची आहेत! त्या मेथडमध्ये तू कपातींच्या लिस्टला हात लावलास तर नल-पॉइंटर एक्सेप्शन, आणि तू स्क्रीनकडे बघत बसतेस, कारण त्याच फाइलमध्ये वर 'कपाती = न्यू अ‍ॅरेलिस्ट' स्पष्ट लिहिलेलं असतं. याहून वाईट प्रकार म्हणजे शेरा नावाचं फील्ड जाहीर करताना रिकामी स्ट्रिंग दिली आणि त्या मेथडने शेऱ्यात काही लिहिलं. बेसचा कन्स्ट्रक्टर संपतो, मग फील्डची जाहीर किंमत बसते आणि शेरा पुन्हा रिकामा. एक्सेप्शनही नाही. सी प्लस प्लस अशा वेळी बेसचीच मेथड चालवतो. सी शार्पमध्ये फील्डच्या जाहीर किमती बेसच्या कन्स्ट्रक्टरआधी बसतात, पण चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरचं अंग मात्र तिथेही नंतरच. तीन भाषा, तीन तऱ्हा. म्हणून नियम पाठच कर: कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलवायची नाही. बोलवायचीच असेल तर ती प्रायव्हेट किंवा फायनल हवी.

याच क्रमामुळे जावामध्ये सुपर (बेसचा कन्स्ट्रक्टर बोलावणं) ही पहिली ओळ असावी लागायची. जावा 25 मध्ये हा नियम सैल झाला, आता सुपरच्या आधी पॅरामीटर तपासता येतात. पण तुमच्या परीक्षेत 'पहिली ओळ' हेच उत्तर अपेक्षित असणार, तेच लिही.

कन्स्ट्रक्टरमध्ये डेटाबेसमध्ये सेव्ह करणं, पट्टी छापणं, एसेमेस पाठवणं असली कामं घालू नकोस. पट्टी बनवणं आणि पट्टी छापणं वेगळं. मेन कारण टेस्टिंग: बेरीज बरोबर आहे का एवढं बघायला प्रिंटर जोडावा लागला तर कोणी टेस्ट लिहीत नाही. आणि कन्स्ट्रक्टर संपण्याआधी धिस दुसऱ्या कोणाला देऊन टाकू नकोस, खास करून दुसऱ्या थ्रेडला (त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाला). त्याला अर्धी पट्टी दिसू शकते, आणि फायनल फील्डबद्दलची जावाची हमीसुद्धा तिथे संपते.

पायथॉनचं उत्तर: व्यवहारात हो, काटेकोरपणे नाही. तिथे न्यू ही मेथड ऑब्जेक्ट बनवते आणि इनिट बनलेल्या ऑब्जेक्टला भरते, म्हणून इनिटचं पहिलं पॅरामीटर सेल्फ असतं. तो आधीच जन्मलेला असतो. रोजच्या कामात तू इनिटच लिहिशील. फक्त दोन गोष्टींवर नजर ठेव. चाइल्ड क्लासने इनिट लिहिला तर बेसचा इनिट आपोआप चालत नाही, सुपर तुलाच बोलवावा लागतो. आणि डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट देऊ नकोस. 'कपाती=[]' असं लिहिलंस तर ती लिस्ट फंक्शन जाहीर होताना एकदाच बनते आणि ज्या पट्ट्यांना कपाती दिल्या नाहीत त्या सगळ्या तीच वापरतात. एका शेतकऱ्याच्या पट्टीत घातलेली कपात पुढच्या पट्टीत दिसायला लागते. डिफॉल्ट नन ठेव आणि आत नवी लिस्ट बनव. डेटाक्लास वापरत असशील, ते पायथॉन 3.7 पासून आहेत, तर डिफॉल्ट-फॅक्टरी (दर वेळी नवी लिस्ट बनवणारं फंक्शन) दे. तिथे थेट लिस्ट दिलीस तर तो स्वतःच एरर देतो.

एक अपवाद सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या सेमिस्टरला माझ्यावर चिडशील. हायबरनेट किंवा कुठलंही जेपीए (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवायची सोय) वापरून ही पट्टी टेबलमध्ये ठेवायला गेलीस की त्याला बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर लागतोच, आणि फायनल फील्ड चालत नाहीत. तो डेटाबेसमधली ओळ वाचून आधी रिकामा ऑब्जेक्ट बनवतो आणि मग भरतो. तिथे तो कन्स्ट्रक्टर पब्लिक न करता प्रोटेक्टेड कर, म्हणजे दुसऱ्या पॅकेजमधला कोड त्याला बोलवू शकणार नाही, आणि सेटर तरीही देऊ नकोस. फील्डवर अ‍ॅनोटेशन लावलंस तर त्याला सेटर लागत नाहीत. पॅरामीटरवाला कन्स्ट्रक्टर पब्लिक कर, तुझा सगळा कोड त्यातूनच जाईल.

व्हायवात बहुतेक विचारतील: कन्स्ट्रक्टरला रिटर्न टाइप का नसतो? त्याचं उलटं करून बघ. हिशोबपट्टीच्या आधी व्हॉइड लिही. जावा तक्रार करत नाही, तो त्याला क्लासच्याच नावाची एक साधी मेथड समजतो. तुझ्या क्लासला मग एकही कन्स्ट्रक्टर उरत नाही, डिफॉल्ट परत येतो, आणि फील्ड फायनल नसतील तर रिकाम्या कंसाचा कोड पुन्हा बिनबोभाट चालायला लागतो. फील्ड फायनल असतील तर कंपायलर लगेच विचारतो की यांना किंमत कोण देणार. व्हायवाच्या आधी दोन्ही प्रकार एकदा चालवून बघ, स्क्रीनवर काय येतं ते डोळ्यांनी पाहिलेलं असू दे.